आजीचं ताट

मागच्या उपवासकाळात एका संध्याकाळी आजीनं रोझरीतलं तिसरं रहस्य दोनदा म्हटलं. आम्ही सगळे गप्प राहिलो. आठवड्याभरानं तिनं गॅसवर ठेवलेलं दूध विसरलं गेलं आणि पातेलं जळलं. मग घरात ठरलं, आजीनं स्वयंपाकघरात यायचं नाही. मऊ भात, चहा, बिस्किटं तिच्या खोलीतच जाऊ लागली. मलाही ती काळजीच वाटली.

दहावीनंतर मी विज्ञानाला रामराम ठोकला होता. पण विसरण्यावर काही औषध आहे का हे शोधताना मी पोटातल्या जिवाणूंपर्यंत पोचले. २०२१ साली आयर्लंडमधल्या कॉर्कच्या संशोधकांनी तरुण उंदरांच्या आतड्यांतले जिवाणू म्हाताऱ्या उंदरांना दिले, तेव्हा त्यांची शिकण्याची आणि आठवण्याची क्षमता काहीशी सुधारली. "पप्पा, आजीला कॅप्सूल आणूया!" मी सांगूनही टाकलं. पण उंदीर तो उंदीर. माणसांत असं सिद्ध झालेलं नाही.

त्याच शहरातला २०१२ सालचा अभ्यास मात्र मनाला लागला. त्यात १७८ ज्येष्ठ होते. आपापल्या घरी राहून नाना प्रकारचं खाणाऱ्यांच्या पोटात जिवाणूंचे प्रकार जास्त होते. कायमचे देखभाल-केंद्रात राहणाऱ्यांच्या पोटात ते कमी होते, आणि ही माणसं जास्त थकलेलीही होती. कशामुळे काय झालं, हे एवढ्यावरून ठरत नाही. पण कडधान्यं, भाज्या यांतला चोथा हे या जिवाणूंचं अन्न. तो आंबवून ते जी आम्लं तयार करतात, ती आतड्याचं अस्तर सांभाळतात, दाह आवरायला मदत करतात. शिवाय पोट आणि मेंदू यांच्यात व्हेगस मज्जातंतूची थेट तार आहेच.

वाचताना मला आजीचं ताट आठवलं. पूर्वी त्यात नाचणीची भाकरी, चवळीची उसळ, ताक असायचं. आम्ही घरातच देखभाल-केंद्र उघडलं होतं.

आता ती आमच्याबरोबर टेबलावर जेवते. चवळी निवडून देते. परवा पेज चाखून तिनं मला हाक मारली, तीही आत्याच्या नावानं. आत्याला जाऊन दहा वर्षं झाली. "मीठ कुठं गेलं गो?"

विसरणं थांबलेलं नाही. पण मीठ खरंच कमी होतं.