वेदीपुढचा होकार

गास, वसई

प्रिय बाय,

परवा फोनवर तू विचारलंस, "आत्या, रजिस्टर लग्न करून मोकळं झालं तर काय बिघडतं? चर्चमध्ये वेगळं असं काय होतं?" तुझे बाबा शेजारीच बसले होते, म्हणून मी विषय बदलला. आता सावकाश लिहिते.

फादर लग्न लावतात असं तुला वाटतं. अर्ध्या वसईलाही तसंच वाटतं. पण आपल्या लॅटिन परंपरेत हा संस्कार वर आणि वधू एकमेकांना देतात. फादर चर्चच्या वतीने तुमचा होकार मागतात, ऐकतात आणि आशीर्वाद देतात. केरळातल्या सिरो-मलबार लोकांत याजकाचा आशीर्वाद आवश्यकच असतो, आपल्यात भर होकारावर. चर्चच्या कायद्यात तर अशीही सोय आहे की महिनाभर फादर मिळण्याची शक्यताच नसेल, तर दोन साक्षीदारांपुढे दोघांनी दिलेला होकार पुरतो. मांडव, बँड, उंबराचं पाणी हे सगळं मला मनापासून आवडतं, पण यातलं काही नसलं म्हणून लग्न अडत नाही. होकार नसला तर मात्र वेदीपुढे बिशप उभे असले तरी लग्न झालेलंच नसतं.

म्हणून तर फादर तुला आणि तुझ्या होणाऱ्या नवऱ्याला वेगवेगळं बोलावतील. एकटीला बसवून विचारतील, कुणाचा दबाव आहे का, काही लपवलंय का, लग्न जन्मभराचं असतं हे मान्य आहे का, मुलं हवीत का. पोरी या चौकशीला कंटाळतात, मुलगे हसण्यावारी नेतात. माझ्या मते अख्ख्या लग्नातला सगळ्यात गंभीर अर्धा तास तोच.

यामागे मोठा इतिहास आहे. पूर्वी युरोपात दोघांनी आडोशाला एकमेकांना वचन दिलं तरी लग्न लागलं असं धरत. मग पुरुष उलटायचा, बाईकडे पुरावा नसायचा. 1563 साली ट्रेंटच्या धर्मसभेने नियम केला की धर्मग्रामाचे फादर आणि दोन-तीन साक्षीदार हवेतच. फ्रान्सच्या राजाची माणसं तिथे अडून बसली होती की आईबापांची संमतीही सक्तीची करा. सभेने आईबापांना न विचारता लग्न करणाऱ्यांना दोष दिला, पण तेवढ्यावरून लग्न रद्द ठरवायला नकार दिला. हे तुझ्या बाबांना मुद्दाम वाचून दाखव. पत्रिकेत कुणाचं नाव आधी यावं यावरून आपल्याकडे भावकीची बैठक बसते, आणि मुलीला विचारायचं कुणाच्या लक्षातही राहत नाही.

आता 'पवित्र' म्हणजे काय ते. दोघं बाप्तिस्मा झालेले असले की त्यांचा करारच संस्कार असतो, त्याला वरून पावित्र्य चिकटवावं लागत नाही. संत पौलाने इफिसकरांना लिहिताना पतिपत्नीच्या नात्याची सांगड ख्रिस्त आणि चर्च यांच्या नात्याशी घातली. गंमत अशी की त्यातला बायकांनी नवऱ्याच्या अधीन राहण्याचा भाग पुरुषांना तोंडपाठ असतो. ख्रिस्ताने चर्चसाठी जीव दिला, तसं नवऱ्याने बायकोवर प्रेम करावं, हा पुढचा भाग ऐकू आला नाही असं दाखवतात.

इथे मला थोडं कडू बोलायचंय. लग्न मोडत नाही, ही आपली श्रद्धा आहे आणि मीही ती मानते. पण याच श्रद्धेचा दगड करून बायकांच्या गळ्यात बांधलेला मी पाहिलाय. आपल्याच आळीतली एक जण रात्री मार खाऊन माहेरी आली, तर सकाळी तिला परत धाडलं. "क्रूस आहे, उचल," असं सांगणाऱ्यांत घरचे होते आणि एक धर्मगुरूही होते. चर्चचा कायदा असं सांगत नाही. जोडीदारापासून जिवाला किंवा मुलांना गंभीर धोका असेल, तर वेगळं राहायला तो परवानगी देतो. तातडीची वेळ असेल तर बाईने आधी निघावं, परवानगीचं नंतर बघता येतं. पोप फ्रान्सिस यांनी तर 2016 साली स्पष्टच लिहिलं की काही वेळा वेगळं होणं नैतिकदृष्ट्या आवश्यक ठरतं. वेगळं राहिल्याने संस्कार विटाळत नाही. विटाळतो तो हात उगारल्याने.

आपल्या देशाचा कायदाही काही सोवळा नव्हता. 1869 च्या घटस्फोट कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरे, बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा टाकून जाणंही सिद्ध करावं लागे. 1997 साली मुंबई उच्च न्यायालयाने हा भेद चुकीचा ठरवला, 2001 मध्ये संसदेने कायदा बदलला.

चर्चच्या न्यायालयाचं काम निराळं. लग्न मोडलं का, हे ते विचारत नाही. मुळात लागलं होतं का, हे विचारतं. फसवणूक होती का, धाक होता का, समज होती का? पुन्हा त्या होकारापाशीच येतो आपण. 2015 मध्ये ही प्रक्रिया सोपी झाली, एका न्यायालयाच्या निकालाला दुसऱ्याची पुष्टी लागायची ती अट गेली. मात्र तो निकाल सरकारदरबारी चालत नाही, तिथे दिवाणी न्यायालयातच जावं लागतं.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर: रजिस्टर लग्नाने सरकारचं समाधान होईल, चर्चच्या लेखी तुम्ही दोघं अविवाहितच राहाल. चर्चमधल्या लग्नाची नोंद मात्र 1872 च्या कायद्याने सरकारलाही मान्य आहे. पण एवढ्या सोयीसाठी वेदीपुढे उभी राहू नकोस. मनातून 'हो' येत नसेल तर मला कळव, हॉलची अनामत बुडाली तरी चालेल. बाबांशी मी बोलेन.

येत असेल, तर कामाला लाग. बाप्तिस्म्याचा दाखला सहा महिन्यांच्या आतला लागतो, जुना चालत नाही. सोमवारी चर्चचं ऑफिस उघडलं की मी आणते. लग्नानंतर तुझ्या बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारीच लग्नाचीही नोंद होईल, म्हणून नावाचं स्पेलिंग आधारकार्डाप्रमाणे कळव. तुमच्या पुण्याच्या चर्चमध्ये विवाहपूर्व शिबिर कधी आहे तेही विचार, दोघांनी एकत्रच जा.

तुझी,
आत्या