तळपायावरचा डाग

आपल्या घरातील वृद्ध व्यक्तीचे तळपाय आपण शेवटचे कधी पाहिले? आपण वाकून नमस्कार करतो तो पावलांना; तळवे कुणाला दिसत नाहीत. गुडघे वाकेनासे झाले आणि दृष्टी अधू झाली की ते त्या व्यक्तीलाही दिसत नाहीत.

आम्ही खडकवासल्याला राहतो. माझ्या सासूबाई एकोणऐंशी वर्षांच्या. सारा जन्म शेतात आणि अंगणात अनवाणी वावरलेल्या. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या टाचांच्या भेगांना कोकमतेल लावताना डाव्या टाचेवर एक डाग दिसला. वाटाण्याहून थोडा मोठा, कडा वेड्यावाकड्या, एकीकडे तपकिरी तर दुसरीकडे शाईसारखा काळा. “काटा मोडला असेल, रक्त साकळलंय,” त्या म्हणाल्या. दुखत नव्हते, खुपत नव्हते. मात्र साकळलेले रक्त काही आठवड्यांत त्वचेबरोबर झडून जाते. हा डाग होता तसाच राहिला, म्हणून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवला.

त्यांनी डर्मोस्कोप नावाचे भिंग टाचेवर टेकवले. तळव्याच्या कातडीवर नांगरलेल्या शेतासारखे बारीक वरंबे आणि सऱ्या असतात. साध्या तिळाचा रंग बहुधा सऱ्यांत साचतो. मेलॅनोमा या कर्करोगाचा रंग वरंब्यांवर पसरतो. सासूबाईंचा रंग वरंब्यांवर होता. बायॉप्सी करावी लागली.

अहवालाची वाट पाहताना मी वाचत गेले, आणि वाचले ते विलक्षण होते. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी मुळात त्वचेच्या नव्हेतच. गर्भाच्या चौथ्या आठवड्याच्या सुमारास, जिथे पुढे मेंदू व मज्जारज्जू घडतो त्याच्या कडेला त्या जन्मतात आणि तिथून अंगभर स्थलांतर करतात. मज्जातंतूंच्या कित्येक पेशी त्यांच्या सख्ख्या बहिणी. काही रंगपेशी तर मज्जातंतूंच्या आवरणातील कोवळ्या पेशींपासूनच घडतात, असे २००९ मध्ये स्टॉकहोमच्या संशोधकांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले. आपल्याकडे तान्ह्या बाळाच्या कमरेवर निळसर डाग दिसतो, तो वाटेतच, त्वचेच्या खोल थरात थांबलेल्या रंगपेशींचा. तो निरुपद्रवी असतो आणि बहुतेक मुलांत वाढत्या वयाबरोबर पुसट होतो. अशाच खोलवर थांबलेल्या पेशींपासून निळे तीळ होतात. त्यांतून क्वचितच काही वाईट निघते.

गोऱ्या आणि सावळ्या माणसात रंगपेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक त्या किती व कसा रंग बनवतात याचा. हा रंग आपल्याला उन्हापासून पुष्कळ सांभाळतो, म्हणून भारतीयांत मेलॅनोमा दुर्मीळ. पण होतो तेव्हा बरेचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली, जिथे उन्हाचा फारसा संबंध नाही. जपानी संशोधकांना २०१४ मध्ये तळव्यांच्या घामग्रंथींत अपरिपक्व रंगपेशींचे ठाणे आढळले. घामाची छिद्रे उघडतात ती वरंब्यांवरच! डॉक्टरांच्या भिंगाला जे दिसले त्याचे मूळ कदाचित तिथे असावे. प्रसिद्ध जमैकन गायक बॉब मार्ली १९८१ मध्ये छत्तिसाव्या वर्षी गेले, ते याच आजाराने. त्यांची गाठ पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली होती.

अहवाल आला: मेलॅनोमा, पण पातळ, अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी खोल. या आजारात खोली हाच सर्वांत मोठा निकष. सभोवतीच्या निरोगी कातडीसह डाग काढला, मांडीची कातडी टाचेवर लावली. दोन महिने सासूबाईंना त्या पायावर भार देता आला नाही, आणि धरणाच्या चौपाटीवरचे भाजके कणीस घरीच आणावे लागले. त्याचीच त्यांना अधिक खंत.

प्रत्येक काळ्या ठिपक्याला घाबरू नका. म्हातारपणी चेहऱ्यावर, पाठीवर उगवणारे खरखरीत काळे चट्टे बहुतेक साधेच असतात. परंतु तळव्यावर उतारवयात नवा डाग आला, तो वाढू लागला, किंवा एकाच नखावरची काळी रेघ रुंद होत कातडीवर उतरली, तर तज्ज्ञांना दाखवा. दगडाने घासू नका, कुरूप समजून कापू नका, औषधी पट्टीने जाळू नका.

आता दर तीन महिन्यांनी तपासणी असते. डॉक्टर टाच पाहतात आणि मग जांघेत बोटांनी चाचपतात. “दुखणं पायाला अन् हे वर काय शोधतात?” सासूबाई दर खेपेस विचारतात. टाचेवरून निसटलेल्या पेशी लसिकावाहिन्यांतून बहुधा आधी तिथल्या गाठींत थांबतात, हे मीही दर खेपेस सांगते.