झिजणं आणि पेलणं

एइचिरो ओदा यांच्या ‘वन पीस’ या जपानी चित्रकथेत एन्मा नावाची एक तलवार आहे. 1997 पासून चालू असलेल्या या कथेचं 955वं प्रकरण 2019 मध्ये आलं, ते तिच्याच नावाचं. झोरो हा तीन तलवारींनी लढणारा गडी ती पहिल्यांदा हातात घेतो आणि एक वार करून बघतो. त्याच्या मनात होता त्याहून वार कितीतरी मोठा होतो, कड्याचा तुकडाच तुटून पडतो. त्याच वेळी त्याचा हात सुकत जातो, हाडाला कातडी चिकटावी तसा.

एन्मा धरणाऱ्याची ‘हाकी’, म्हणजे त्याच्या आतलं बळ, न विचारता ओढून घेते. झोरोच्या कमरेला सांदाई कितेत्सु नावाची शापित तलवार आधीपासून आहे. तिच्याशी त्याने एकदाच पैज लावली: ती वर भिरकावली, खाली हात धरला आणि नशिबाने हात वाचला. एन्माशी असा एकदाच निकाल लागत नाही. ती जेव्हा जेव्हा हातात येईल, तेव्हा तेव्हा मागणार.

मुलीने हा भाग माझ्या हातात दिला, तेव्हा मी त्या सुकलेल्या हाताच्या चित्रावर बराच वेळ अडले. आपल्याकडे चंदनासारखं झिजणं ही मोठीच स्तुती. माझ्या आत्याने अंथरुणाला खिळलेल्या यजमानांचं नऊ वर्षं केलं. घरात सगळे तिचं नाव काढत. तिचं मनगट किती बारीक झालंय, हेही कौतुकानेच सांगत. ते मनगट भरून यावं, असं कोणी म्हटल्याचं मला आठवत नाही.

झोरो मात्र सुकलेला हात मिरवत नाही. तलवार टाकूनही देत नाही. तो गेलेलं बळ नेटाने मागे खेचतो आणि हात पुन्हा भरतो. मग तो खूश होतो, कारण ही तलवार पेलायला आपल्याला आणखी मोठं व्हावं लागेल, हे त्याला कळलेलं असतं.

पुढे किंगशी लढताना एन्मा पुन्हा ओढू लागते. या वेळी झोरो हात आखडत नाही, बळ आपणहून सोडतो. तलवार तीच, तिची भूकही तीच. पण आता देणारा तो आहे. जिंकल्यावर तो कोसळतो, हेही ओदा लपवत नाहीत. आधीच्या जखमा आणि औषधाचा उतरलेला असर मिळून त्याला मरणाच्या दारात नेतात. पेलणं फुकट नसतं.

एन्मा म्हणजे आपला यमच. बौद्ध ग्रंथांबरोबर तो चीनमार्गे जपानात गेला आणि तिथे नरकाचा न्यायाधीश झाला. संस्कृतात मात्र ‘यम’ म्हणजे निग्रहही. योगाची पहिली पायरी त्याच नावाची. ओदांच्या मनात हे असेल असं मी म्हणत नाही. पण जी तलवार सगळं ओढून घेते, तिच्या नावातच आवरण्याचीही खूण आहे, हे आपल्या भाषांतून वाचणाऱ्याला दिसतं.

गेली दोन वर्षं इथे बडोद्यात आईचं सगळं मी करते. गेल्या महिन्यात रात्रीसाठी बाई ठेवली. एका नातेवाईक काकूंनी फोनवर लगेच ऐकवलं, “तुझ्या आत्याने कधी बाई ठेवली नव्हती हो.”

“नव्हती ठेवली, काकू,” मी म्हटलं. “ठेवायला हवी होती.”

पलीकडे जरा वेळ शांतता होती. मग त्यांनी विचारलं, “किती घेते गं रात्रीचे?”