भिंतीवर टांगायला आणलेल्या हिराबाई

सांगते, पण मध्ये थांबवू नका.

मध्यंतरी एका रविवारी जुन्या बाजारातून मी एक तबकडी आणली. ऐकायला नाही हं, भिंतीवर टांगायला. बाहेरच्या खोलीत एक ‘जुन्या काळचा’ कोपरा करायचा होता. कंदील होता, पितळी अडकित्ता होता, तबकडी तेवढी राहिली होती. घासाघीस करून शंभराला मिळवली आणि खिळा कुठे ठोकावा याचा विचार करत जिना चढत होते, तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या काकांनी ती हातातून काढूनच घेतली. नाकाशी नेली. अर्धवट पुसलेल्या लेबलवर ‘हिराबाई’ एवढंच लागत होतं.

“भिंतीला टांगायला कॅलेंडर असतं,” काका म्हणाले. “आत ये.”

काकांकडे चावीचा ग्रामोफोन आहे हे सहा वर्षं त्याच इमारतीत राहून मला माहीत नव्हतं! त्यांनी पिन बदलली, चावी भरली. आधी नुसती खरखर, म्हणजे कढईत मोहरी तडतडावी तशी, आणि त्या खरखरीतून एक आवाज आला. आला म्हणजे काय, हळूच येऊन शेजारी बसला.

मी गाण्यातली नाही. सवाई गंधर्व महोत्सवाला दरवर्षी जाते, पण खरं सांगायचं तर निम्मा वेळ खाण्याच्या स्टॉलवर असते. शास्त्रीय गाणं म्हणजे ताना, घाम, तबलजीशी कुस्ती, असा माझा समज. आणि इथे ही बाई घाई म्हणून करत नव्हती. एक सूर लावला, तो पूर्ण गोल होईपर्यंत थांबली, मग दुसरा. तीन-सव्वातीन मिनिटांत बाजू संपली. मी म्हटलं, काका, परत. काकांनी परत लावली. मग परत. चौथ्यांदा लावताना ते म्हणाले, “पटदीप आहे. भीमपलासीसारखाच, फक्त निषाद शुद्ध. दुपारचा राग.” घड्याळात साडेतीन वाजले होते. बाहेर ऊन, गल्ली सामसूम, आणि तो एक निषाद! वरच्या षड्जाच्या दारात उभा राहून आत जाऊ का नको करणारा.

त्या रात्री मी झोपले नाही. मोबाइलवर सापडेल ते ऐकलं, मिळेल ते वाचलं. हिराबाई बडोदेकर, जन्म 1905, मिरज. वडील कोण? उस्ताद अब्दुल करीम खाँ! किराणा घराण्याचं नाव घेतलं की पहिलं ज्यांचं नाव येतं ते. आई ताराबाई माने. आईवडील वेगळे झाले, मुलं आईजवळ राहिली, आणि हिराबाईंची तालीम झाली ती अब्दुल वहीद खाँसाहेबांकडे. थोरले भाऊ सुरेशबाबू माने, धाकटी बहीण सरस्वतीबाई राणे. एका घरात किती सूर असावेत याला काही मर्यादा?

मला थक्क केलं ते मात्र दुसऱ्याच गोष्टीने. बाईने चारचौघांत गाणं म्हणजे लोकांच्या भुवया वर, असा तो काळ. आणि हिराबाई तिकीट लावून जाहीर मैफली करत होत्या. असं करणाऱ्या पहिल्या काही जणींपैकी त्या. अंगभर पदर, हातवारे नाहीत, नखरा नाही, चेहऱ्यावर सुद्धा काही नाही. जे आहे ते गळ्यात. पुढे बहीणभावंडांना घेऊन त्यांनी नाटकमंडळीही काढली. पुरुषांनी लुगडं नेसून नायिका रंगवायच्या त्या जमान्यात बाईची भूमिका बाईच करणार! आज पुण्यातल्या कुठल्याही गल्लीत मुलगी तानपुरा घेऊन गाण्याच्या क्लासला निघते तेव्हा कोणी वळून बघत नाही. हे असं आपोआप झालं असं मला परवापर्यंत वाटत होतं.

1965 साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, 1970 साली पद्मभूषण. ते ठीकच. मला गायिका प्रभा अत्रे जास्त महत्त्वाच्या वाटतात. अत्रेबाई आधी सुरेशबाबूंकडे आणि मग हिराबाईंकडे शिकल्या. म्हणजे सवाईच्या मांडवात थालीपीठ खात खात मी अत्रेबाईंचा जो आवाज कानाआड केला होता, त्याच्या मागे हाच सूर होता. स्वतःची लाज वाटली, थालीपीठाची नाही.

(आणखी एक कबुली: टिळक रस्त्यावरची हिराबाग हिराबाईंच्या नावाची असणार असं मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात ठामपणे सांगून मोकळी झाले. ती बाग पेशवाईतली. हसा.)

लोक विचारतात, एवढ्या जुन्या खरखरीत काय ऐकतेस? तर हे ऐकते: तबकडीवर वेळ तीन मिनिटं. कोणीही घाबरून सगळं त्यात कोंबेल. हिराबाई एवढासा आलाप करतात, लगेच बंदिश, नेमक्या चार ताना, आणि तरी कुठे गर्दी नाही. वन आरकेच्या घरात वाडा मांडावा तशी ऐसपैस गातात. आवाज चढत नाही, पटवून देत नाही, रडवायला बघत नाही. माझ्या पिढीला सगळेच ओरडून काहीतरी विकतात, त्यामुळे असेल कदाचित, पण न ओरडणारा माणूस भेटला की मी तिथेच बसते.

1989 साली त्या पुण्यातच गेल्या. माझा जन्म त्यानंतरचा. चुकामूक अगदी थोडक्यात झाली.

तबकडी आता काकांकडेच असते आणि रविवारी साडेतीनला मी खाली जाते. तिला कडेला एक बारीक तडा आहे, दर फेरीला टक् करतो. तेव्हा एक विनंती: तुमच्या माळ्यावर, आजीच्या ट्रंकेत, जुन्या वर्तमानपत्रांखाली अशा काळ्या जड तबकड्या असतील, तर रद्दीवाल्याला देऊ नका. आडव्या एकावर एक रचू नका, उभ्या ठेवा. आणि लेबलवर ‘हिराबाई’ लागलं, तर आधी एखादी दुपार मोकळी काढा.