शिळ्या कढीला ऊत

नव्वदच्या दशकात ‘बीविच्ड’ सोनीवर हिंदीतून लागायची. सामंथानं नाक हलवून जादू केली की आम्ही भावंडं आपापली नाकं हलवत बसायचो. परवा तिचा शेवटचा भाग मुद्दाम पुन्हा पाहिला, २५ मार्च १९७२चा. आठ वर्षं, २५४ भाग, आणि निरोप म्हणून काय, तर १९६५च्याच एका भागाची गोष्ट! तेव्हा जवळच्यांना खरं बोलायला लावणारी मूर्ती होती, इथं शिंगवाल्या घोड्याची पिन.

पूर्वी मी याला सरळ आळस म्हणायचो. आता मागच्या वर्षीच्या टिपणीची तारीख बदलून फाईल पुढं सरकवणारा मी कारकून कुणाला हसणार? खटकतं ते वेगळंच. पाठीच्या दुखण्यानं डिक यॉर्क १९६९मध्येच मालिकेतून गेला होता. नको ते खरं तोंडून निघालं की त्याचा अख्खा चेहरा घाबरायचा. त्याच्या जागी आलेला डिक सार्जंट नुसता वैतागतो.

आणि एलिझाबेथ माँटगोमेरी? नवरा बदललेला, प्रसंग तोच, तिनं पुन्हा तसंच गोड हसायचं.

“दमलीय हो ती,” बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. तिच्या हातात उद्याच्या डब्याची भाजी होती.