माझे लंगडे पाऊल

गेल्या नोव्हेंबर महिन्यातील गोष्ट. खानापूर तालुक्यातील आमच्या गावाहून मलप्रभेच्या पुलाकडे जाणारा रस्ता त्या दिवसांत पहाटे धुक्याने भरून जातो. त्या रस्त्याने मी गेली आठ वर्षे धावत आलो आहे. वय चोपन्न, पेशा शाळामास्तराचा. वाढत्या पोटाला आळा बसावा म्हणून आरंभ केला आणि पुढे त्याचीच गोडी लागली. बरोबर गावातील सातआठ तरुण असतात. त्यांचे धावणे मात्र हौसेचे नव्हे. सैन्यभरतीच्या मेळाव्यात १.६ किलोमीटर अंतर ठरलेल्या वेळात तोडावे लागते, आणि एका मिनिटाच्या फरकाने घरादाराचे नशीब बदलते.

त्या मुलांसमोर मी एके दिवशी बोलून बसलो, की नव्या वर्षात बेळगावच्या एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत मीही उतरणार. मग काय! पाच किलोमीटरचे धावणे मी तीन आठवड्यांत दहांवर नेले. पातळ तळव्याचे नवे बूटही घेतले. एके सकाळी पूल ओलांडताना उजव्या पावलात, चवड्याच्या जरा मागे, काहीतरी टोचले. वाटले खडा असेल. बूट काढून झटकला; खडा नव्हता.

घरी सल्ल्यांना काय तोटा? सासूबाईंनी तेल गरम केले. शेजारच्या काकूंनी हळदीचा लेप सांगितला. पत्नी एवढेच म्हणाली, “अहो, चार दिवस घरी बसलात तर रस्ता काही पळून जात नाही.” आमच्या गावी मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले एक हवालदार आहेत. ते माझ्या चालण्याकडे टक लावून म्हणाले, “मास्तर, हे मी रंगरुटांत पुष्कळ पाहिले आहे. पाय लपविणारा पोरगा कवायतीत पहिल्यांदा ओळखू येतो.” मी हसून विषय बदलला.

आठ दिवसांनी क्ष-किरण चित्र काढविले. त्यात काहीही दिसले नाही, आणि मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! दुखणे मनाचे आहे असा निर्णय मीच देऊन टाकला आणि पुन्हा धावू लागलो. सुरुवातीला दुखे, पुढे सवयीने बधिर होई, घरी परतल्यावर ठणके. शाळेत फळ्यासमोर मी डाव्या पायावर भार देऊन उभा राहू लागलो. बाहेरून शूर दिसणे किती सोपे असते!

या शूरपणाला मी एक आधारही शोधून ठेवला होता. मेक्सिको येथील १९६८ च्या ऑलिंपिक स्पर्धेत टांझानियाचा जॉन स्टीफन अखवारी मॅरेथॉन धावताना पडला, गुडघ्याला जबर इजा झाली. तरीही विजेत्यानंतर तासाहून अधिक वेळाने, लंगडत, सर्वांच्या शेवटी तो क्रीडांगणात पोहोचला. ही कथा मी दरवर्षी वर्गात सांगतो आणि सांगताना माझाच कंठ दाटून येतो. परंतु त्याच दिवशी, त्याच शर्यतीत आणखी एक गोष्ट घडली होती, ती मी मुलांना कधीच सांगितली नव्हती. इथिओपियाचा अबेबे बिकिला, १९६० मध्ये रोम येथे अनवाणी धावून आणि १९६४ मध्ये टोकियो येथे बूट घालून जिंकलेला, सुमारे सतरा किलोमीटरनंतर पायाच्या दुखापतीमुळे बाजूला झाला. शर्यत त्याचाच देशबांधव मामो वोल्डे याने जिंकली. दोन सुवर्णपदकांच्या धन्याला थांबण्याची लाज वाटली नाही, आणि मला, ज्याला पुलाच्या पलीकडे कोणी ओळखत नाही, त्याला वाटत होती.

डिसेंबरच्या मध्याची एक सकाळ. चढणीवर मी नेहमीप्रमाणे मागे पडलो होतो. माझ्यापुढे आमच्यातला सर्वांत वेगवान मुलगा धावत होता. त्याचे वडील गवंडीकाम करतात. भरतीच्या वयाची मर्यादा संपण्याआधी त्याच्या वाट्याला हा एकच मेळावा उरला होता. मागून पाहताना एकाएकी ध्यानात आले, की तो डावे पाऊल बाहेरच्या कडेवर टाकतो आहे. जसे मी उजवे टाकीत होतो, अगदी तसेच. त्याला थांबविले. आधी तो नाही नाहीच म्हणाला. बूट काढायला लावला तेव्हा चवड्यामागे सूज दिसली. “किती दिवस झाले?” म्हणून विचारले, तर खाली मान घालून म्हणाला, “बारा दिवस झाले असतील, सर. पण तुम्हीही दुखत असताना धावताच की.”

त्यावर मला उत्तर सुचले नाही. दोघेही पुलाच्या कठड्यावर बसून राहिलो. बाकीची पोरे परत आली तेव्हा आम्ही दोघे बूट हातात घेऊन घराकडे चालत होतो.

दुसऱ्या दिवशी बेळगावास हाडांच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी आधी यंत्राचे नाव काढले नाही. एका बोटाने पावलातील एकेक हाड दाबीत गेल्या. दोघेही एकाच जागी ओरडलो, दुसऱ्या बोटाच्या मागच्या लांब हाडावर. मग त्यांनी समजावून दिले. सकाळी अंथरुणावरून उठताना टाचेखाली कळ यावी आणि चालता चालता कमी व्हावी, हे तळव्याच्या शिरेचे दुखणे. ते चिवट असते, पण बहुधा धोक्याचे नसते. भार पडेल तसतसे वाढणारे, एका बोटाने नेमके दाखविता येणारे हाडावरचे दुखणे निराळे. ते असेल तर धावणे त्याच दिवशी बंद.

कारणही त्यांनी सांगितले. हाड हे दगडासारखे निर्जीव नसते. भार वाढला की जुना भाग झिजवून शरीर तेथे नवे, बळकट हाड रचते. परंतु झिजविण्याचे काम काही आठवड्यांत उरकते आणि भरण्याला महिने लागतात. त्या मधल्या काळात भार वाढवीतच गेले तर चीर पडते. एका मीटरचे पाऊल धरले, तर दहा किलोमीटरांत एकेका पायावर पाच हजार वेळा शरीराच्या दुपटीतिपटीने भार येतो. दुसरे हाड लांब, सडपातळ आणि मुळाशी घट्ट अडकलेले, म्हणून ते आधी सापडते. ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियाच्या लष्करी डॉक्टरने सैनिकांच्या सुजलेल्या पावलांचे वर्णन १८५५ मध्येच करून ठेवले होते. पण आत हाड मोडलेले आहे हे क्ष-किरणांचा शोध लागल्यावर, १८९७ मध्ये कळले. आणि माझ्या पहिल्या चित्राचे काय? ही चीर पहिले दोनतीन आठवडे चित्रात बहुधा दिसतच नाही. ती भरू लागली, भोवती नव्या हाडाची गाठ आली, म्हणजे दिसते. नव्या चित्रात माझी गाठ स्पष्ट दिसली.

मुलाचे चित्र स्वच्छ होते. मला आता स्वच्छ चित्राची धास्तीच बसली होती, म्हणून एम. आर. आय. करविले. पैसे मी भरले, कारण निम्मी चूक माझीच होती. हाडाला आतून सूज होती, चीर अद्याप पडली नव्हती. डॉक्टरबाई म्हणाल्या, “आज थांबलास तर चार आठवडे. चीर पडली तर दोन महिने, म्हणजे मेळावा गेलाच.” मेळाव्याला सात आठवडे होते. धावणाऱ्याने सातांपैकी चार आठवडे बसून राहायचे! त्याने माझ्याकडे पाहिले. मी आधी माझा निर्णय सांगितला : एकवीस किलोमीटर रद्द. मगच तो म्हणाला, “बरं, थांबतो.”

ते चार आठवडे सोपे नव्हते. दम टिकावा म्हणून तो सायकलवरून खानापूरला जाई आणि दुपारी विहिरीत पोहे. दोनदा आईने त्याला अंगणात बूट बांधताना पकडले. गावात लोक म्हणाले, मास्तरांनी पोराला भित्रा केला. एका अर्थी ते माझ्यावरच बोलत होते, कारण मीही कडक तळव्याचा बूट घालून दिवसभर खुर्चीत बसत होतो आणि सकाळी कोंबडा आरवला की पाय आपोआप अंथरुणाबाहेर येत. त्या अवधीत वर्गात मी बिकिलाची गोष्ट सांगितली. अखवारीच्या गोष्टीइतकी ती मुलांना रुचली नाही, हे खरे. एकाने विचारले, “सर, मग त्या दोघांत बरोबर कोण?” मी म्हणालो, अखवारीला ती शर्यत पुन्हा मिळणार नव्हती, रोजच्या सरावाला दुसरी सकाळ असते. त्याचे समाधान झालेले दिसले नाही.

गेल्या आठवड्यात डॉक्टरबाईंनी बोटाने दाबले, तो ओरडला नाही. शाळेच्या मैदानावर, गवतावरून, दोन मिनिटे चालणे आणि एक मिनिट धावणे अशी सुरुवात झाली आहे. मी वडाखाली बसून घड्याळ धरतो. काल त्याने चारशे मीटर एका दमात काढले. वेळ पूर्वीपेक्षा नऊ सेकंदांनी अधिक लागला. आकडा ऐकून त्याचे तोंड उतरले. मी मात्र आकड्याकडे नव्हे, त्याच्या डाव्या पावलाकडे पाहत होतो. ते सरळ पडत होते. मेळावा तीन आठवड्यांवर आला आहे.