घोंगडी पेटीबाहेर काढा

घोंगडी टिकवायची तर पेटीत घालावी, वर चार डांबरगोळ्या टाकाव्यात आणि निर्धास्त व्हावं, असं माझं ठाम मत होतं. आमच्या मलकापुरात ते सहज पटतं. आंबा घाटाअलीकडचा हा पावसाचा मुलूख; जून लागला की भिंतींना ओल धरते आणि लोकरी-रेशमी सगळं पेटीत जातं. आज ते मत माझं राहिलेलं नाही, आणि ते बदललं एका बारक्या भुंगेऱ्यामुळे.

आपण सरसकट ‘कसर’ म्हणतो त्यातलाच हा एक. शास्त्रीय नाव ॲटाजिनस फॅशिएटस. गडद पाठीवर फिकट आडवा पट्टा. पंख फुटल्यावर तो कापडाच्या वाटेला जात नाही, उजेडाकडे आणि फुलांकडे धावतो. कापड खाते ती त्याची अळी, तपकिरी, शेपटाला केसांचा झुबका असलेली. लोकर, केस, पिसं पचवणं फार थोड्या जिवांना जमतं, हिला जमतं. रानात वाळलेली कातडी आणि पाखरांची सोडलेली घरटी साफ करण्याचं काम या कुळाचंच. आमच्या कौलांखाली चिमण्या-पारव्यांची घरटी असतात, तिथून पेटी किती लांब? याच कुळातला खापरा साठवणीच्या गव्हाचा भुगा करतो, आणि त्याची अळी अन्नावाचून वर्षानुवर्षं फटीत तग धरते.

या अळीला हवा असतो अंधार आणि कुणाचाही हात न लागणं. पेटीत आपण तिला दोन्ही देतो. सनगरांनी विणलेली, चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी धनगराच्या खांद्यावर उन्हापावसात झिजते खरी, पण तिला कसर लागलेली मी पाहिलेली नाही.

डांबरगोळ्यांबद्दल तर मी आता हट्टाने बोलते. त्यांतल्या नॅफ्थलीनमुळे, जी-६-पीडी हे विकर कमी असलेल्या तान्ह्या बाळाच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात, कावीळ जिवावर बेतू शकते. त्या वासाची दुपटी बाळंतिणीच्या खोलीत नेऊच नयेत.

तेव्हा ऑक्टोबरचं ऊन पडलं की पेट्या उघडा. घोंगडी अंगणात झटका, किनारी आणि शिवणी ब्रशने घासा. शालू मात्र सावलीत, वाऱ्यावर. घामाचे, तुपाचे डाग धुऊन मगच कापड ठेवा, कारण डाग असला तर अळी सुतीही कुरतडते. पेटीचे सांधे पुसा, वळचणीतली रिकामी घरटी काढा. आणि घोंगडी थंडीभर पांघरा.